वाद्य कुणाच्या हातात?

(८ मार्चच्या निमित्ताने वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सकाळपासून आपण मारहाण, रेशन, घर नावावर करून घेणं या विषयांवर बोलतो आहोत. मला मात्र गाण्याबद्दल बोलायचं आहे, तेही अमेरिकेतल्या. 'हे काय मध्येच?' असं काहीजणींना वाटेल. थोडं ऐका, मग ठरवा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. मागच्या वर्षी आमच्या वस्तीत कार्यक्रम होता. गाणी बायकांनी रचलेली आणि बसवलीही बायकांनीच. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी ढोलकी शिकत होती. ऐन वेळी मी ढोलकी तिच्याकडून घेतली आणि शेजारच्या मंडळातल्या मुलाला दिली. कार्यक्रम चांगला व्हावा, एवढाच माझा विचार होता. ती काही बोलली नाही, पण नंतर ढोलकीजवळ फिरकली नाही.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी एक माहितीपट पाहिला होता. त्यातला एका बाईचा आवाज या प्रसंगानंतर मला पुन्हा आठवला. ती हेझल डिकन्स. तिचं संगीत म्हणजे ब्लूग्रास.

ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा बास. अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या लोकगीतांतून ते घडलं. केंटकीच्या बिल मन्रोच्या बँडवरून त्याला नाव मिळालं. बँडचं नाव होतं 'ब्लू ग्रास बॉइज'. बॉइज, म्हणजे पोरं! पण या पोरांत १९४३ ते १९४६ या काळात एक बाई होती, सॅली अ‍ॅन फॉरेस्टर. ती अकॉर्डियन वाजवायची, गायची. १९४५च्या ध्वनिमुद्रणात तिचं वादन आहे. मग इतिहासात ती का नाही? कारण ब्लूग्रासचा 'खरा' जन्म डिसेंबर १९४५मध्ये अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आला तेव्हा झाला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पुढच्या काही महिन्यांत सॅली अ‍ॅन बाहेर पडली आणि 'त्या आधीची' ठरली. रेघ कुठे ओढायची हे ज्यांच्या हातात असतं, त्यांच्याच हातात कुणाला बाहेर ठेवायचं तेही असतं.

आणखी एक गोष्ट बघा. या संगीताची पट्टी पुरुषांच्या उंच गळ्याला धरून बसली. बाईने आपल्या गळ्याची पट्टी सांगितली की वादकांची नेहमीची बोटं बदलतात. पण ही वादकांची अडचण मानली जात नाही, 'बाई असली की अडचण होते' असं म्हटलं जातं. आपल्या कामातही हे ओळखीचं आहे ना?

आता हेझल. जन्म १९२५, वेस्ट व्हर्जिनिया, कोळसा खाणींचा मुलूख. घरात अकरा भावंडं. वडील खाणींसाठी लाकूड वाहायचे, धर्मोपदेशही करायचे. पोटासाठी ती बाल्टिमोरला आली आणि कारखान्यांत काम करू लागली. तिचा एक भाऊ टीबीच्या इस्पितळात होता. तिथे काम करणाऱ्या माइक सीगर या तरुण वादकाशी ओळख झाली आणि ही गिरणीकामगार बाई बँडमध्ये बास वाजवू लागली. कार्यक्रम दारूच्या गुत्त्यांत व्हायचे. तिथे बाईकडे कोणत्या नजरेने बघतात ते तिने रोज सोसलं.

पुढे तिला अ‍ॅलिस जेरार्ड भेटली. अ‍ॅलिस कॉलेजात शिकलेली, अगदी वेगळ्या घरातली. १९६४मध्ये तिचा नवरा मोटार अपघातात गेला. पदरात चार मुलं. या दोघींनी एकत्र गायला सुरुवात केली. १९६५मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. पुढे खड्या, न सजवलेल्या आवाजात त्यांनी स्वतःची गाणी म्हटली. १९७३च्या तबकडीत हेझलचं एक गाणं आहे. ज्या बाईला तुम्ही नावं ठेवता, तिला तिथवर पोचवायला तुम्हीच हातभार लावलात, असं ते पुरुषांना सुनावतं. अ‍ॅलिसचं गाणं आहे नवऱ्याच्या मापाने शिवून घेतलेल्या बायकोबद्दल. दोघींनी यासाठी व्याख्यानं दिली नाहीत. जे बघितलं ते गाण्यात मांडलं.

हेझलचा भाऊ थर्मन खाणीत कामाला होता. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी पडून तो गेला. त्यावर तिने गाणं लिहिलं. १९६८मध्ये वेस्ट व्हर्जिनियात खाणीतल्या स्फोटात ७८ कामगार मेले. त्यावरही लिहिलं. १९६९मध्ये तिथल्या हजारो खाणकामगारांनी या आजाराच्या भरपाईसाठी संप केला. त्याच वर्षी धुळीवर मर्यादा घालणारा कायदा देशभर झाला. गाण्यांनी कायदा होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण मेलेला माणूस आकड्यात हरवू न देणं हे काम गाणं करतं.

मी पाहिलेला माहितीपट 'हार्लन काउंटी यूएसए', १९७६चा, बार्बरा कॉपलने केलेला. केंटकीतला १९७३-७४चा संप. कोर्टाने पिकेटिंगला किती कामगार उभे राहतील यावर बंधन घातलं, तेव्हा त्यांच्या बायका पहाटे रस्त्यावर उभ्या राहिल्या. बंदुका रोखल्या गेल्या तरी हटल्या नाहीत. या चित्रपटात हेझलची गाणी आहेत. २०११मध्ये ती गेली. २०१७मध्ये हेझल आणि अ‍ॅलिस यांना ब्लूग्रासच्या मानकऱ्यांत जागा मिळाली. हेझल ते बघायला नव्हती.

मग आता सगळं ठीक झालं का? ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पुरस्कार १९९०मध्ये सुरू झाले. गाण्यासाठी बायकांचा वेगळा पुरस्कार आहे, तो दरवर्षी बाईलाच मिळणार. पण वाद्यांचे पुरस्कार सर्वांसाठी एकच. बँजोचा पुरस्कार १९९१मध्येच अ‍ॅलिसन ब्राउनला मिळाला. मँडोलिनसाठी सिएरा हल आणि फिडलसाठी बेकी बुलर यांना २०१६ साल उजाडावं लागलं. गिटारचा पुरस्कार मॉली टटलला २०१७मध्ये मिळाला. म्हणजे २७ वर्षं गेली!

का? बाईने गाणं लोकांना चालतं. गाणं म्हणजे गळ्याची देणगी, असं म्हणून मोकळं होता येतं. वाद्याला मात्र रियाज लागतो, आणि रियाजाला वेळ लागतो. रात्री उशिरापर्यंत चार वादकांत बसून शिकावं लागतं, दौऱ्यावर जावं लागतं. घरी मुलं कोण बघणार? वेळेची ही वाटणी आपण घरकामाच्या संदर्भात नेहमी मांडतो. ती कलेच्या दारातही उभी असते. बँजोवादक मर्फी हेन्री यांनी या वादक बायकांचा इतिहास २०१३मध्ये लिहिला. पुस्तकाला नाव दिलं, 'पोरीच्या मानाने बरं वाजवते' अशा अर्थाचं. हे वाक्य कौतुक म्हणून ऐकत ऐकत त्या बायका वाजवत राहिल्या.

आपल्या शिबिरांत गाणी आपणच म्हणतो. डफ कुणाच्या हातात असतो? माइक कोण लावतं? हिशेबाची वही कुणाकडे असते? वेळ नाही, कार्यक्रम बिघडेल, या कारणांनी आपणही मुलींच्या हातून वस्तू काढून घेतो. मी घेतली.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. माझं चुकलं, असं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, माझा ठेका चुकतो." मी म्हटलं, "चुकू दे." ढोलकी तिच्याकडेच ठेवून आले. ती वाजवेल की नाही, मला माहीत नाही. पण पुढच्या कार्यक्रमात ठेका चुकला, तरी ढोलकी कुणी काढून घेणार नाही, एवढं मी ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.