सायकलच्या हँडलला कोणती बॅग लावावी?

आजचा विषय आहे सायकलच्या हँडलला लावायची बॅग. विषय छोटा वाटेल, पण या बॅगा काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या वरपर्यंत मिळतात. प्रत्येकीच्या जाहिरातीत लिटर लिहिलेले असतात, आणि आपण लिटर बघूनच घेतो. मी आज सांगणार आहे की लिटर सगळ्यात शेवटी बघा.

पुढची बॅग आपल्याला नवी नाही. भाजीची पिशवी हँडलला अडकवून मंडईतून घरी आला नाही, असा मराठी माणूस विरळाच. त्या पिशवीचं काय होतं, तेही आपल्याला माहीत आहे. ती झुलते, गुडघ्याला लागते, वळताना हँडल ओढते. आणि पिशवीचा कोपरा किंवा लोंबणारा बंद पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला, तर चाक जागच्या जागी थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. मागच्या कॅरियरवर सामान सैल झालं, तर बहुधा ते रस्त्यावर पडतं. पुढे सैल झालं, तर आपण पडतो. बॅग निवडताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवली, की बाकीची निवड सोपी होते.

मी बोलतोय बेंगळुरूच्या यशवंतपूरहून. इथे सायकल चालवणाऱ्यांच्या तीन तऱ्हा दिसतात. तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा की इंदुरात, यांपैकी एका तऱ्हेत तुम्ही बसाल.

पहिली तऱ्हा रोज कामावर जाणाऱ्यांची. यशवंतपूरहून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जायचं तर तुमकूर रोड लागतो. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला जातो तोच हा महामार्ग. गोरगुंटेपाळ्याच्या चौकात ट्रक, बस आणि रिक्षा यांच्यामधून वाट काढावी लागते. इथे हँडल क्षणात वळलं पाहिजे.

दुसरी तऱ्हा रविवारवाल्यांची. पहाटे निघायचं, हेब्बाळ, देवनहळ्ळी करत नंदी हिल्स गाठायचं आणि उन्हं तापायच्या आत परत यायचं. नंदीचा माथा समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंच आहे. चढताना वेग इतका कमी असतो की बॅगेचा त्रास जाणवतही नाही. उतरताना मात्र वळणावळणाचा घाट आहे, आणि बॅगेची परीक्षा तिथेच होते.

तिसरी तऱ्हा लांब जाणाऱ्यांची. कुणी यशवंतपूर स्टेशनातून सायकल गाडीत टाकून गावाकडे जातं, कुणी ब्रेव्हे करतं. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. मागे मदतीची गाडी नसते. लागेल ते आपलं आपण वाहायचं.

हँडलच्या बॅगेला मान मिळाला तो अशाच राइडमुळे, फ्रान्समध्ये. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत पॅरिस ही १२०० किलोमीटरची राइड १८९१ साली सुरू झाली. आजही ती दर चार वर्षांनी होते आणि तिला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. तिकडच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी पेटीसारखी चौकोनी बॅग पुढे घेतली, वर नकाशासाठी पारदर्शक कप्पा केला, आणि बॅगेच्या खाली चाकावर एक छोटं कॅरियर बसवलं. म्हणजे वजन कॅरियरवर, आणि वस्तू हाताशी. खाली न उतरता जे लागतं, तेवढंच पुढे ठेवायचं, हा त्यातला विचार. तो आजही खरा आहे.

म्हणून बॅग घ्यायच्या आधी एक यादी करा. सायकलवर बसल्या बसल्या, किंवा दोन मिनिटं थांबून, मला काय काय लागतं? मोबाइल, पाकीट, किल्ल्या, चष्मा, चिक्की, दोन केळी, पातळ रेनकोट, ब्रेव्हे असेल तर शिक्के मारायचं कार्ड. हे सगळं मिळून दीड किलोच्या आसपास भरतं. आता पुढे काय ठेवू नये ते बघू. जड कुलूप, पाने-पंप, लॅपटॉप, जेवणाचा स्टीलचा डबा, पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नका. या वस्तू सीटखालच्या बॅगेत, फ्रेमच्या त्रिकोणात किंवा मागच्या कॅरियरवर जाऊ द्या.

असं का? पुढचं चाक आपण हँडलने वळवतो. हँडलला बांधलेलं वजनही प्रत्येक वेळी वळवावं लागतं, आणि वळलेलं थांबवावंही लागतं. वजन हँडलच्या जितकं पुढे आणि जितकं उंच, तितकं हँडल जड. वजन हलतं असेल, तर हँडल आपल्या मनाविरुद्ध डावं-उजवं होतं. उतारावर वेग वाढला की कधी कधी सगळं हँडल थरथरू लागतं. तसं झालं तर घाबरून हँडल आवळू नका. फ्रेमची आडवी नळी दोन्ही गुडघ्यांत दाबा आणि हळूहळू वेग कमी करा. थरथर बहुधा थांबते. घरी आल्यावर बॅगेतलं वजन कमी करा आणि पट्टे तपासा.

वजनाची मर्यादा बॅगेवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर लिहिलेली असते. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. नुसत्या हँडलवर टांगलेल्या बॅगेत मी दोन-अडीच किलोच्या वर काही ठेवू नका असं सांगेन. बॅगेचं स्वतःचं वजनही त्यात धरा.

आता प्रकार पाहू.

पहिली, छोटी गोल बॅग. दोन-तीन लिटरची, ढोलकीसारखी आडवी. दोन पट्ट्यांनी हँडलला आणि एका पट्ट्याने खालच्या नळीला बांधायची. रविवारवाल्यांना ही पुरते. हलकी असते आणि हँडलच्या अगदी जवळ बसते. घेताना तो खालचा, तिसरा पट्टा आहे ना, हे बघा. तो नसेल तर खड्ड्यात बॅग उड्या मारते.

दुसरी, पेटीसारखी बॅग. हँडलवर एक खटका कायमचा बसवलेला असतो आणि बॅग त्यात अडकते. बटण दाबलं की निघते. जर्मनीच्या ऑर्टलीब आणि क्लिकफिक्स या ब्रँडच्या बॅगांमुळे ही पद्धत जगभर माहीत झाली. रेल्वेने जाणाऱ्याला ही सगळ्यात सोयीची. सायकल सामानाच्या डब्यात जाते, आणि पैसे, कागदपत्रं, मोबाइल असलेली बॅग खांद्याला लावून आपण आपल्या सीटवर. मेट्रो स्टेशनबाहेर सायकल लावणाऱ्यालाही हीच बरी. मात्र खटका हँडलच्या जाडीला बसला पाहिजे. नव्या सायकलींच्या हँडलचा मधला भाग बहुधा ३१.८ मिलिमीटर जाड असतो, जुन्या साध्या सायकलींचा २५.४. विकत घेण्याआधी हँडल मोजा. आणि हँडल कार्बनचं असेल, तर त्यावर खटका आवळायची परवानगी आहे का, हे सायकलच्या पुस्तिकेत बघा.

तिसरी, गुंडाळीची लांब बॅग. दोन्ही टोकं गुंडाळून बंद करायची. झोपायची पिशवी, जाकीट असं फुगीर पण हलकं सामान नेण्यासाठी ही केलेली आहे. रोज कामावर जाणाऱ्याने ही घेऊ नये, कारण आतली एक वस्तू काढायला अख्खी बॅग उलगडावी लागते.

चौथी, जाळीची बास्केट. तिला कमी लेखू नका. जिच्या खालच्या सळया चाकाच्या आसापर्यंत गेलेल्या असतात, ती बास्केट हँडलवर टांगलेल्या बॅगेपेक्षा जास्त भार नीट पेलते. पीण्याला डबा घेऊन जाणाऱ्याला मी हीच सुचवेन. फक्त वरून जाळी किंवा रबरी दोरी लावा.

प्रकार ठरला की सायकलजवळ जा आणि टेप घ्या. चार मापं घ्यायची.

एक, हँडलपासून पुढच्या टायरपर्यंत उभं अंतर. बॅग भरल्यावर तिच्या तळाशी आणि टायरमध्ये निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. पुढे शॉकअब असेल, तर तो जितका दबतो तितकं अंतर आणखी सोडा. कमी उंचीच्या लोकांच्या सायकलीची फ्रेम लहान असते, त्यामुळे ही जागाही कमी असते. मैत्रिणींनो, उंच मित्राच्या सायकलवर बसलेली बॅग तुमच्या सायकलवर बसेलच असं नाही.

दोन, रुंदी. खाली वाकलेलं रेसिंगचं हँडल असेल, तर दोन वाकांमध्ये बॅग बसून दोन्ही बाजूंना हाताची बोटं मोकळी राहिली पाहिजेत.

तीन, ब्रेक आणि गिअरच्या तारा. बॅग लावा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. तार दुमडत असेल किंवा ताणली जात असेल, तर ती बॅग तुमची नाही. ब्रेक दाबूनही बघा.

चार, दिवा. बॅग लावल्यावर हँडलवरचा दिवा झाकला जातो. पहाटे नंदीला निघणाऱ्याला आणि रात्री पाळी संपवून येणाऱ्याला हे परवडणार नाही. दिवा बॅगेच्या पुढे किंवा चिमट्याच्या डोक्यावर लावायची सोय आधी करा, मग बॅग घ्या.

पावसाचं काय? ‘पाणी अडवणारं कापड’ असं लिहिलेलं असतं, पण पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. शिवण नसलेली, तोंड गुंडाळून बंद होणारी बॅग सगळ्यात कोरडी राहते, आणि तीच महाग असते. साधी बॅग घेतलीत तर आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि मोबाइल वेगळ्या छोट्या पिशवीत. बेंगळुरूचा संध्याकाळचा पाऊस असो की कोकणातला, एवढ्याने काम भागतं.

पैसे कमी असतील तर बॅगा शिवणाऱ्याकडे जा. रेक्झिन किंवा ताडपत्रीचं कापड, रुंद नायलॉनचे पट्टे आणि प्लास्टिकची बकलं, एवढंच लागतं. आपली मापं द्या आणि दोन गोष्टी सांगा. पाठीच्या बाजूला आत कडक शीट घाला, म्हणजे बॅग लोंबणार नाही. आणि पट्ट्यांची टोकं अडकवायला लूप शिवा, म्हणजे ती चाकात जाणार नाहीत.

शेवटी, विकत घेण्याआधी एक चाचणी फुकट करता येते. एक किलो साखरेचे दोन पुडे घ्या, जुन्या कापडी पिशवीत घट्ट गुंडाळा आणि हँडलला दोन पट्ट्यांनी व खालच्या नळीला एका पट्ट्याने आवळून बांधा. मोकळ्या रस्त्यावर, सावकाश, एक चक्कर मारा. वळून बघा, गतिरोधकावरून जा, ब्रेक लावा, उभं राहून पॅडल मारा. हात अवघडले, तर पुढे एक किलोच ठेवायचं हे तुम्हाला कळलं. काहीच त्रास झाला नाही, तर दोन किलो चालतील. हे कळल्यावर मग लिटर बघा. तीन लिटर लागत असतील तर सात लिटरची घेऊ नका, कारण रिकामी जागा माणूस भरतोच.

बॅग घेतल्यावर दर राइडच्या आधी एवढंच करा: बॅग दोन्ही हातांनी धरून हलवा आणि पट्ट्यांची टोकं आत खोचा. दहा सेकंदांचं काम आहे. मग निघा.

तुमच्या गावात, तुमच्या सायकलवर कोणती बॅग चालली, ते आम्हाला जरूर कळवा.