फ्रेमला कव्हर लावा, पण साडी गार्ड जाग्यावर ठेवा

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर पोरांचं काम. विषय आहे मोटारसायकलच्या फ्रेमला कार्बन फायबरची कव्हरं बसवण्याचा. पण गाडीचा हप्ता कुणाच्या दुधाच्या पैशातून जातो? मागच्या सीटवर कोण बसतं? मग गाडीला काय लावायचं आणि काय काढायचं, हे आपल्यालाही कळायला हवं.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "पोरगं म्हणतंय, गाडीला कार्बन लावायचंय. अंतर्गत कर्ज उचलू का? आणि हे कार्बन म्हणजे असतं तरी काय?" प्रश्न चांगला होता, म्हणून त्याची नीट माहिती काढली.

कार्बन फायबर म्हणजे केसाहूनही बारीक, काळे, चिवट धागे. साडी विणतात तसे ते उभे-आडवे विणून त्यांचं कापड करतात. मग त्या कापडाचे थर साच्यात घालून रेझिन नावाच्या चिकट द्रवाने घट्ट बसवतात. वाळल्यावर वस्तू हलकी आणि कडक होते. विमानात, शर्यतीच्या गाड्यांत हे वापरतात ते याच हलकेपणासाठी. मात्र पत्र्याला पोचा पडतो, तसा याला पडत नाही. जोराचा मार बसला की हे तडकतं.

ही कव्हरं फ्रेमवर बसतात, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर. बुटाच्या टाचेने, गुडघ्याने जिथे रंग घासतो, तिथे ती लावतात. आपल्याकडे तर दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, दोरी, सगळंच गाडीला घासतं. रंग गेला की लोखंड उघडं पडतं आणि पावसाळ्यात गंज धरतो. म्हणून कव्हरचा उपयोग आहे. पण तो ओरखड्यांपुरताच. कव्हर लावल्याने फ्रेम मजबूत होत नाही. वाकलेली किंवा चिरलेली फ्रेम कव्हरखाली झाकली, तर तो धोकाच.

बाजारात कार्बन म्हणून तीन गोष्टी मिळतात. एक खरं कार्बन, ते महाग. दुसरं प्लास्टिक, त्यावर नुसती विणीची नक्षी. तिसरं स्टिकर. ओळखायचं कसं? वस्तू उलटी करून आतली बाजू बघा. खऱ्या कार्बनमध्ये बहुधा आतूनही वीण दिसते आणि ते हातात हलकं लागतं. नक्षीच्या प्लास्टिकवर कोपऱ्यात वीण ताणलेली, वाकडी दिसते. स्टिकरची कड नखाने उचलते. प्लास्टिकचं कव्हर घेतलं तरी बिघडत नाही, ओरखडे तेही अडवतं. फक्त प्लास्टिकला कार्बनचा भाव देऊ नका.

आता बसवायची रीत. कव्हर आपल्याच मॉडेलचं घ्या, डावं-उजवं तपासून. गाडी साबणाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. जिथे चिकटवायचं, ती जागा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा. पेट्रोलने पुसू नका, त्याचा तेलकटपणा राहतो आणि टेप सुटते. पुसताना वेल्डिंगच्या जोडावर चीर किंवा गंज आहे का, ते बघून घ्या. असेल तर आधी मेकॅनिक, मग कव्हर.

चिकटवण्याआधी कव्हर नुसतं धरून बघा. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. क्लच दाबा, ब्रेक दाबा, गिअर आणि किक हलवून बघा. कुठे वायर किंवा केबल दबता कामा नये. कार्बनमधून वीज वाहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सोललेली वायर त्याला घासली तर शॉर्ट होऊ शकतं. सायलेन्सर आणि इंजिनच्या उष्णतेपासूनही कव्हर लांब हवं.

सगळं जुळलं की दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून कव्हर दाबून धरा. एक दिवस गाडी धुवू नका. खालच्या बाजूला पाणी निघायला फट ठेवा, नाहीतर चिखल आत अडकून कव्हरखालीच गंज धरेल. पावसाळा संपला की एकदा उघडून साफ करा.

तीन गोष्टी मात्र करू द्यायच्या नाहीत. फ्रेमला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करायचं नाही, त्याने सांगाडा कमजोर होतो. चॅसिस नंबर झाकायचा नाही. तो बहुतेक गाड्यांना हँडलखाली फ्रेमवर ठोकलेला असतो आणि विम्याला, आरटीओला तो बघावा लागतो. आणि कार्बन घरी, लेकराबाळांत कापायचं नाही. त्याची धूळ नाकात, डोळ्यांत जाते आणि अंगाला खाजते. कापायचंच असेल तर मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून, पाणी मारत, उघड्यावर.

आता मुख्य गोष्ट. गाडी सजवायला गॅरेजात गेली की पहिला घाव साडी गार्डवर पडतो. "जाळीने लूक जातो," म्हणून पोरं ती काढून टाकतात. कुणी चेनचं कव्हरही काढतं. फ्रेमला ओरखडा पडू नये म्हणून पैसे घालायचे आणि मागे बसणाऱ्या आईचा पदर उघड्या चाकावर सोडायचा, हा कुठला हिशेब?

आपण बाया पाय डावीकडे सोडून बसतो. बहुतेक मोटारसायकलींची चेनही डावीकडेच असते. पदर, ओढणी, बुरख्याचं टोक चाकात गेलं की एका फेऱ्यात गुंडाळतं. सावरायला वेळ मिळत नाही. माणूस मागच्या मागे ओढलं जातं आणि डोकं रस्त्यावर आपटतं. ओढणी गळ्याभोवती असेल तर फासच बसतो.

कायद्यानेही हे सांगितलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ म्हणतो की मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. म्हणजे साडी गार्ड ही शोभेची वस्तू नाही. तो आपला हक्क आहे.

कर्जाचं विचाराल तर माझं मत सरळ आहे. दूध घालायला, भाजी न्यायला गाडी घेताय, गटाचं कर्ज जरूर घ्या. तुटलेलं साडी गार्ड बसवायला पैसे कमी पडत असतील, तर गटाने खुशाल द्यावेत. पण दिखाव्याच्या कव्हरसाठी गटाची बचत उचलू नका. ती हौस पोराने स्वतःच्या कमाईतून करावी. हौस वाईट नाही. त्याला रागावू नका, एवढंच सांगा, "बाळा, कार्बन लाव, पण माझी जाळी हलवू नको."

येत्या बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येकीने घरच्या गाडीचं मागचं चाक डाव्या बाजूने बघून यायचं. जाळी आहे का, घट्ट आहे का, चेनचं कव्हर आहे का, मूठ आणि फूटरेस्ट जागेवर आहेत का. नसेल तिथे कधी बसवणार, ते वहीत लिहून घ्या. आणि तोवर गाडीवर बसताना पदर कमरेला खोचा, ओढणीची टोकं पुढे घेऊन गाठ मारा.