मेंदूतली छाटणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितले, ‘डॉक्टर, तुझ्या कामाविषयी पाच मिनिटे बोल.’ मी मनोविकारतज्ज्ञ. म्हणून ज्या आजाराचे नाव घरात हळू आवाजात घेतात, त्याबद्दलच बोलतो : स्किझोफ्रेनिया.

कुणी नसताना आवाज ऐकू येतात, जवळच्यांचा संशय येतो, माणूस माणसांतून उठतो. लोक म्हणतात, बाहेरचे आहे, आईने लाडावले, आळशी आहे. पण १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. पुढे एमआरआयमध्ये मेंदूचा करडा थर, विशेषतः कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा, सरासरीने थोडा पातळ आढळला. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत पेशी मोठ्या संख्येने मेल्याचे दिसले नाही. पण त्यांना एकमेकींशी जोडणारे बारीक कोंब कमी होते.

आपण द्राक्षबागांतून शाळेत आलेली मुले. छाटणी नीट झाली तर वेल फळते, जास्त झाली तर वेलीला सोसत नाही, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. किशोरवयात प्रत्येकाचा मेंदू जास्तीच्या जोडण्या छाटतो. ही छाटणी या आजारात बिघडत असावी, असे अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ साली मांडले. २०१६ साली सी-फोर जनुकावरील संशोधनाने त्या विचाराला बळ दिले.

मात्र हे फरक सरासरीचे आहेत. केवळ स्कॅनवरून हे निदान होत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे नाटक करतोय’ असे कुणी म्हणू नये. आणि मेंदूत बदल आहे म्हणजे सगळे संपले, असेही नाही. औषधे, घरच्यांची साथ आणि हाताला काम मिळाले की अनेकजण सावरतात. उपचार जितके लवकर, तितके चांगले.

सर, बाई, हा आजार बहुधा दहावीनंतरच्या आठ-दहा वर्षांत डोके वर काढतो. चांगला शिकणारा मुलगा अचानक गप्प झाला, झोप उडाली, मित्र तुटले, तर त्याला रागावण्याआधी त्याच्या घरी जा. मित्रांनो, तुमच्या घरात असे कुणी असेल, तर लपवू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येते. आणि मी तर तुमच्याच बाकावरचा आहे. केव्हाही फोन करा.