सभेंत बोलण्याची तयारी

सभेंत उभें राहून बोलण्याची कला ही जन्मतः मिळणारी देणगी आहे, असा एक समज फार दृढ झालेला आहे. त्या समजाचा तोटा असा कीं, ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं आहे तो गप्प बसतो, आणि ज्याच्यापाशीं केवळ वाचाळता आहे त्याच्या मतानें निर्णय होतो. सोसायटीची वार्षिक सभा असो, शाळेंतील पालकांची बैठक असो, किंवा कचेरींत एखाद्या योजनेचें निवेदन असो, अनुभव हाच. म्हणून वक्तृत्व हा केवळ हौसेचा विषय नव्हे. नागरिकाच्या कर्तव्याचाच तो एक भाग होय.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं हें ओळखून १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्यांच्याच देखरेखीखालीं तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हां त्यांचें वय अवघें ३५ वर्षांचें होतें. सरकार तिजोरींतील शिलकेचा अभिमान बाळगीत होतें. गोखल्यांनीं दाखवून दिलें कीं, दुष्काळानें गांजलेल्या देशांत ही शिल्लक भरभराटीची नसून अवजड करांची खूण आहे. मिठावरील कर कमी करण्याची मागणीही त्यांनीं केली. त्या भाषणांत आवेश थोडा व आंकडे फार होते, आणि आंकड्यांच्या मागें गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाचे परिश्रम होते. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हें सर्वस्वी एका भाषणाचें फळ म्हणतां येणार नाहीं. तथापि अभ्यासून केलेल्या भाषणाची दखल प्रतिपक्षासही घ्यावी लागते, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

परंतु तयारी म्हणजे शब्दशः पाठांतर नव्हे. विन्स्टन चर्चिल हे प्रारंभीं आपलीं भाषणें मुखोद्गत करीत. एप्रिल १९०४ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत बोलतां बोलतां त्यांना पुढील वाक्य आठवेना, आणि सभागृहाचे आभार मानून त्यांना खालीं बसावें लागलें. त्यानंतर त्यांनीं टिपणें जवळ बाळगण्याचा परिपाठ ठेविला. पाठ केलेल्या भाषणाची एक कडी निसटली कीं सारी सांखळी तुटते. मुद्दे ध्यानांत असले म्हणजे शब्द आपोआप सुचत जातात.

नवशिक्या वक्त्यानें म्हणून प्रथम आपलें म्हणणें एका वाक्यांत लिहून काढावें. तें लिहितां येत नसेल, तर विषय अद्याप त्यालाच कळलेला नाहीं असें समजावें. त्या वाक्याच्या पुष्ट्यर्थ तीन मुद्दे पुरेत. आरंभाचें व शेवटचें वाक्य तेवढें पक्कें करावें. मधले मुद्दे लहानशा कागदावर टिपावे. मग घड्याळ समोर ठेवून, मनांत नव्हे तर मोठ्यानें, दोनतीन वेळां बोलून पाहावें. घरांतील एखाद्या मंडळीस समोर बसवावें आणि त्यांस काय कळलें तें विचारावें. कसें वाटलें हें विचारूं नये. पडद्यावर चित्रें वा आंकडे दाखवावयाचे असतील, तर पडद्याकडे तोंड करून ते वाचीत बसूं नये. वाचणें श्रोत्यांस येतेंच.

भीतीविषयीं बोलावयाचें तर ती सर्वांसच वाटते. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, आणि वक्ता घाईनें बोलूं लागतो. उपाय साधा आहे. उभें राहिल्यावर एक श्वास थांबावें, शेवटच्या रांगेंतील माणसाकडे पाहावें, आणि पहिलें वाक्य सावकाश उच्चारावें. सभा ही परीक्षक नसते; ती कांहीं ऐकावयास आलेली असते.

आपण कसे दिसतों, ही चिंता सोडून यांना काय सांगावयाचें आहे, याचा विचार ज्या क्षणीं सुरू होतो, त्या क्षणीं वक्ता घडूं लागतो. आणि असा एक मनुष्य उभा राहिला, तरी पुष्कळ सभांचे निर्णय अधिक शहाणपणाचे होतील.