परदेशात घास घेण्यापूर्वी

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण "जपानला जाऊन आलात, तर खाण्यापिण्याचे कसे निभावलेत ते सांगा" असा तुम्ही आग्रह धरलात, म्हणून उभी आहे.

माझा मुलगा कोबे शहरी नोकरीस आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तीन आठवडे त्याच्याकडे राहून आले. तिकीट काढतानाच मुस्लिम जेवण सांगून ठेवले होते, त्यामुळे विमानात अडचण पडली नाही. मला वाटे, मी कोकणातली आणि तो देश मासळी खाणारा. मग अडायचे कुठे? जनावर अल्लाहचे नाव घेऊन जबह केलेले लागते, मासळीला ती अट नाही. शिवाय आम्ही शाफई, कोळंबीही आम्हांला चालते. पण मासळी निराळी आणि तिच्यावर घातलेला रस निराळा. तिकडे स्वयंपाकात साके ही दारू घालतात, मिरिन नावाची गोड दारू घालतात. सोया सॉसमध्येही कित्येकदा वरून अल्कोहोल मिसळलेले असते. ताटात पाहून काही कळत नाही.

फसले मात्र मी करीला. चौथ्या दिवशी एका लहान खानावळीत भाजीची करी आणि भात मिळाला. "बुता?" असे मुलाने विचारले. बुता म्हणजे डुक्कर. मालकीणबाईंनी हात हलवून नाही म्हटले. इतक्या दिवसांनी मसाल्याचा वास आला, मी ताट पुसून खाल्ले. रात्री मुलाच्या फडताळात करीच्या वड्यांचा तसलाच डबा दिसला. फोन त्यावर धरला की मराठी अक्षरे उमटतात. गाईची व डुकराची चरबी! सगळ्याच वड्या तशा नसतात, पण पुष्कळ असतात; हिंदू भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे. खानावळीतल्या बाई खोटे बोलल्या नव्हत्या. मांस नव्हतेच. चरबी त्यांच्या मनातही आली नसेल.

नकळत खाल्ले त्याचा गुन्हा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी झोप लागली नाही, आणि ती माझ्या ताटापायी नव्हे. मुलगा म्हणाला, "अम्मी, पहिले सहा महिने मी प्रत्येक पाकीट वाचत होतो. मग सोडून दिले. जेवायला सगळे बसलेले असतात आणि आपण एकटेच विचारत बसतो, लाज वाटते." त्याला रागे भरावे की जवळ घ्यावे, कळेना. आपल्या मंडळातल्या जैन भगिनी चिवड्यात लसूण आहे का म्हणून विचारतात, तेव्हा "एवढ्याशाने काय होते" असे मीच एकदा म्हटले होते. ते त्या रात्री आठवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोबेच्या मशिदीत गेलो. ही १९३५ सालची. बांधायला तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांनीही पैसा दिला होता. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत टिकली, १९९५ च्या भूकंपातही टिकली. जवळच हलाल मालाची दुकाने आहेत. डाळ, बासमती, आणि ब्राझीलहून आलेली गोठवलेली हलाल कोंबडी! दीड वर्ष माझा मुलगा इथून आगगाडीने दहा मिनिटांवर राहत होता.

घरून नेलेला मसाला होताच. तांदूळ धुऊन ठेवले, कोंबडी चढवली. मुलगा कांदा चिरायला बसला. कांदा जाड चिरला, पण मी बोलले नाही.

निघताना वड्यांचा तो डबा फडताळात नव्हता. मी विचारले नाही. आता तो दर रविवारी फोन करतो; गेल्या रविवारी विचारत होता, कोंबडीला वाटण आधी परतायचे की नंतर.