दगडाची भुकटी आणि माती



आज आपण चंद्रावरच्या मातीविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, चंद्रावर वावर कोन घेनार हाय?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याला तिथे वावर घ्यायचे नाही. पण तिथल्या मातीत बी टाकले तर काय होते, हे कळले म्हणजे आपल्या मातीची किंमत कळते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

पुनवेच्या चंद्रावर काळे डाग दिसतात. कोणी त्याला ससा म्हणतो, कोणी हरीण. ती काळ्या दगडाची मैदाने आहेत. फार पूर्वी चंद्राच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला आणि थिजला. त्याचाच हा दगड झाला. आपल्या मुलखातही तसेच घडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून असाच रस वर आला व त्याचा काळा पाषाण झाला. वऱ्हाडात पुष्कळ ठिकाणी विहीर खणताना मुरमाखाली हाच पाषाण लागतो. म्हणजे दोन्हीकडे दगड जवळजवळ एकाच जातीचा.

१९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेची माणसे चंद्रावर उतरली. येताना त्यांनी तिथले दगड आणि माती आणली. ती कित्येक वर्षे कुलुपात जपून ठेवली होती. त्यातली १२ ग्रॅम माती फ्लॉरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना मिळाली. बारा ग्रॅम म्हणजे एका तोळ्याच्या आसपास. सोन्यासारखीच ती मोजून वापरली. एका रोपाला सुमारे एक ग्रॅम, अशी बारा रोपे. मोहरीच्या कुळातल्या एका लहान झाडाचे बी त्यांनी घेतले. रोज पाणी दिले, पाण्यातून खत दिले, दिव्याचा उजेड दिला.

दोन-तीन दिवसांत सगळे बी उगवले! पहिले काही दिवस सर्व ठीक दिसले. बी आपली शिदोरी बरोबर घेऊन येते, बरं का. ती संपेपर्यंत कोंबाला फारशी ददात नसते. मुळे मातीत उतरली तेव्हा खरे दुखणे सुरू झाले. मुळे खुरटली. पाने बारीक राहिली. काही रोपांवर तांबूस झाक आली. २० दिवसांनी रोपे काढून तपासली, तेव्हा ती हालात दिवस काढत होती असे दिसले. २०२२ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

असे का झाले? कारण ती माती नव्हतीच. ती दगडाची भुकटी होती. तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात. तिच्यात कुजलेला पाला नाही, शेण नाही, गांडूळ नाही, एकही सूक्ष्म जीव नाही.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला चला. आकाशातून एक मोठी उल्का तिथे काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. चंद्रावर अशी विवरे असंख्य आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचेही दगड तपासतात. दगड तसाच, घावही तसाच. पण लोणारच्या उतारावर झाडी आहे, आणि चंद्रावर गवताची काडी नाही. फरक कशाचा? पाण्याचा, हवेचा आणि जीवाचा. पावसाने दगड झिजवला, मुळांनी तो फोडला, किड्यामुंग्यांनी पाला खाली नेला. तेव्हा कुठे माती झाली. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षे लागतात.

मंगळाची माती तर अजून कोणी पृथ्वीवर आणलेली नाही. तिच्यात अपायकारक क्षार आहे, हे २००८ साली तिथे उतरलेल्या यानाने दाखवले. हॉलंड देशातल्या वाखेनिंगन विद्यापीठाने ज्वालामुखीच्या दगडापासून केलेली तिच्यासारखी माती घेतली. तिच्यात जनावरांचे खत घातले, गांडुळे सोडली. २०१७ साली त्या मातीत गांडुळांना पिले झाली! मंगळावर शेती करू पाहणाऱ्यांनाही शेवटी खत आणि गांडूळच आठवले.

मंडळी, आपले शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणारे हे गाव. कलमाची मुळे आपण लेकरासारखी जपतो. मग ती ज्या मातीत जायची ती का जपू नये? पहिल्या जोराच्या पावसात नाल्याला गढूळ पाणी येते. ते नुसते पाणी नसते. तुमचे वावर वाहून चाललेले असते. वरची माती गेली की खाली मुरूम उरतो. चंद्र पाहायला मग वर जायला नको, धुऱ्यावर उभे राहिले तरी पुरे.

म्हणून तीन गोष्टी करा. उताराला आडवे पेरा आणि बांध फुटू देऊ नका. चुलीपुरत्या तुराट्या-पऱ्हाट्या ठेवा, उरलेल्या वावरात पेटवू नका. तोडून खड्ड्यात कुजवा. संत्र्याखालचा निरोगी पालाही जाळू नका. बुंध्यापासून हातभर दूर पसरा, म्हणजे बुंधा ओला राहून डिंक्या रोगाला वाव मिळणार नाही.

आमच्या बोलण्यावर विसंबू नका. घरी करून पाहा. दोन कुंड्या घ्या. एकीत गिट्टीच्या खदानीवरची नुसती चुरी भरा. दुसरीत तीच चुरी आणि निम्मे कुजलेले शेणखत भरा. दोन्हींत मेथी टाका, सारखे पाणी द्या. उगवेल दोन्हीकडे. वीस दिवसांनी पाहा, आणि काय दिसले ते आपल्या हाताने वहीत लिहा.