कावीळ बी ची लस : सरकारी की प्रायव्हेट?

ज्यांच्या घरात नुकताच पाळणा हललाय किंवा लवकरच हलणार आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग. साताऱ्या-सांगलीकडून मला एक प्रश्न सारखा येतो : "बाळाला हिपॅटायटिस बी ची लस सरकारी दवाखान्यात घ्यायची की प्रायव्हेटमध्ये? महागडी जास्त चांगली असणार ना?"

आधी आजार बघू. कावीळ म्हटलं की आपण पाण्याला दोष देतो. पण पाण्यातून येते ती ए आणि ई. बी पसरते रक्तातून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. जन्मावेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. बाळ दिसायला गुटगुटीत असतं. त्रास कळतो तो ऐन कर्त्या वयात : लिव्हर खराब, नाहीतर कॅन्सर. तेव्हा कावीळ उतरवून घेऊन किंवा झाडपाला देऊन काही होत नाही.

आता तुलना. सरकारीत जन्मल्यावर एक सुटा डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. सगळं फुकट. प्रायव्हेटमध्येही पहिला डोस सुटाच, पुढं बऱ्याचदा हेक्झाव्हॅलंट, म्हणजे त्यात पोलिओची लसही आली. पण कावीळ बी चा भाग दोन्हीत एकाच पद्धतीचा : यीस्टमध्ये तयार केलेलं विषाणूच्या आवरणाचं प्रोटीन. त्यात विषाणूच नाही, म्हणून लसीनं कावीळ होत नाही. डोस पूर्ण झाले की शंभरातल्या सुमारे ९५ बाळांना संरक्षण मिळतं.

मग "पेनलेस" म्हणतात ते काय? फरक आहे डांग्या खोकल्याच्या भागात. पेंटाव्हॅलंटमध्ये तो जुन्या पद्धतीचा असतो, त्यामुळं ताप आणि मांडीला सूज जरा जास्त. एक-दोन दिवसांत उतरते. कावीळ बी च्या लसीची गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांत एखाद्याला. तरी टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा.

म्हणजे खरा फरक किमतीचा नाही, वेळेचा आहे. पहिला डोस २४ तासांच्या आत मिळायला हवा. पेंटाव्हॅलंट जन्मल्या जन्मल्या देत नाहीत, त्यामुळं हा सुटा डोस हुकला तर सहा आठवडे बाळ उघडं पडतं. उशीर झालाच तर नर्सताईंना विचारून लगेच घ्या. तैवाननं १९८४ मध्ये बाळांना लस द्यायला सुरुवात केली. तिथं मुलांमधलं लागणीचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली आलं. आपल्याकडं ही लस २००२ मध्ये काही भागांत आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली.

सगळ्यात जास्त धोका कुणाला? ऊसतोडीला आलेल्या टोळीत, कारखान्याजवळच्या कोपीवर जन्मलेल्या बाळाला. कार्ड मराठवाड्यातल्या गावी राहिलेलं असतं, म्हणून आई दवाखान्यात जायला बिचकते. तुमच्या शिवारात अशी कोपी असेल तर आशाताईंना फोन करा. कार्ड नसलं तरी लस मिळते, आणि गाव कुठलं याला महत्त्व नाही.

आणि गरोदर ताईंनो, रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी आहे का, हे नक्की विचारा. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं वेगळं इंजेक्शनही लागतं, तेही जन्मल्यावर लगेच. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!